जुन्या ऑफिस-पीसीतून घरचा संगीत-संगणक: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आमच्या घरात तीनशेच्या वर सीडी आहेत. बहुतेक बाबांनी जमवलेल्या: ख्याल, नाट्यसंगीत, थोडी भावगीतं आणि आकाशवाणीच्या संग्रहातून निघालेल्या काही मैफली. सीडी-प्लेअरची लेन्स गेली, दुरुस्ती करणाऱ्यांनी सुटा भाग मिळत नाही म्हणून तो तसाच परत दिला, आणि या सगळ्या सीडी कपाटात बंद झाल्या. मोबाइलवर गाणी ऐकायची सोय आहे, पण बाबांकडच्या निम्म्या मैफली तिथे सापडत नाहीत. सापडतात त्यातही विलंबित संपून द्रुत सुरू होताना मध्ये क्षणभर आवाज जातो आणि तंबोरा तुटतो. म्हणून मी घरीच एक संगणक उभा केला. तो फक्त गाणं वाजवतो, दुसरं काही करत नाही.

यात माझे सहा महिने गेले. खरं तर मशीन उभं करणं चार-पाच रविवारचं काम आहे. वेळ गेला तो चुकीच्या क्रमाने गेल्यामुळे, म्हणून हा लेख. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: गाणं वाजवणं हे संगणकासाठी फार हलकं काम आहे. दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही त्यात जेमतेम जागा होतो. तेव्हा संगणक स्वस्तातला घ्या, पैसे स्पीकरसाठी राखून ठेवा आणि स्वतःचा वेळ फाइली नीट करण्यात घाला.

काय काय लागेल

- सेकंडहँड मिनी पीसी, त्याच्या मूळ अडॅप्टरसह
- गाण्यांसाठी १ टीबीची अडीच इंची एसएसडी
- यूएसबी डॅक, म्हणजे फाइलीतून आवाज काढून ॲम्प्लिफायरला देणारी बाहेरची डबी
- यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह
- ८ जीबीचा एक पेनड्राइव्ह, राउटरपर्यंत पोहोचेल एवढी लॅन केबल
- ॲम्प्लिफायर आणि स्पीकर, किंवा आतच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर
- मांडणी करेपर्यंत उसना मॉनिटर आणि कीबोर्ड
- फाइलींना नावं देण्यासाठी घरातला कुठलाही लॅपटॉप

मला मिनी पीसी ८,५०० रुपयांना पडला, एसएसडी ५,२००, डीव्हीडी ड्राइव्ह १,६००, डॅक ६,०००, तारा ७०० आणि सेकंडहँड स्पीकरची जोडी १६,०००. एकूण ३८,०००. ॲम्प्लिफायर बाबांचा जुनाच वापरला. किमती वरखाली होत राहतात, पण कशावर किती खर्च करायचा याचं प्रमाण साधारण असंच ठेवा.

१. संगणक निवडा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे ऑफिसांमधले सहाव्या-सातव्या पिढीचे चांगले चालते पीसी सेकंडहँड बाजारात येत आहेत. आपल्याला विंडोज नकोच आहे, म्हणून हा माल आपल्या कामाचा. पुण्यात तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड इथे चौकशी करा. लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो आणि एचपीचे मिनी हे तीन प्रकार नेहमी दिसतात. आकार जाड पुस्तकाएवढा. ४ जीबी रॅम असली तरी पुरे, ८ असेल तर उत्तम. आत अडीच इंची डिस्कची जागा आहे का आणि तिची पट्टी व केबल सोबत आहे का, हे झाकण उघडून बघा. ही केबल दुकानात नसेल तर नंतर शोधताना दमछाक होते.

दुकानातच तीन गोष्टी तपासा.

पहिली, बायोसचा, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड. ऑफिसातून आलेल्या मशीनवर तो राहून जातो. मी आणलेला पहिला पीसी घरी सुरू केला आणि बायोसमध्ये जाताच कुलपाचं चित्र आलं. पेनड्राइव्हवरून सुरू करायचा पर्यायही बंद होता. दुकानदारांनी तो बदलून दिला, पण दोन खेपा झाल्या. तेव्हा दुकानातच मॉनिटर लावून, "दादा, जरा बायोस उघडून दाखवा," म्हणा.

दुसरी, अडॅप्टर. मूळ कंपनीचा, पुरेशा वॉटचा असावा. डेलचं मशीन अनोळखी अडॅप्टर लावला तर तसा इशारा देतं आणि स्वतःचा वेग कमी करतं.

तिसरी, पंखा. दुकानातल्या गोंगाटात तो ऐकू येणार नाही. आवाज आला तर आठवड्यात परत करू, एवढं आधी बोलून ठेवा. घरी रात्री दहानंतर, टीव्ही बंद करून, तीन फुटांवरून ऐका. विलंबित ख्यालाच्या सुरुवातीला फक्त तंबोरा असतो. त्या दोन मिनिटांत पंखा कानाला जाणवला तर पुढे कायम जाणवत राहील. बहुतेक वेळा पंख्यात नुसती धूळ असते. मऊ ब्रशने ती काढली आणि प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी, वाळलेली पेस्ट बदलली की मशीन शांत होतं. माझं झालं.

रास्पबेरी पाय हा हातात मावणारा छोटा संगणक का नाही, असं बरेच जण विचारतात. पाय छान आहे, पंख्याशिवाय चालतो, आणि त्यासाठी मूडसारखी खास संगीताची मोफत प्रणालीही आहे. पण पाय, केस, अडॅप्टर, कार्ड असं सगळं धरलं तर किंमत सेकंडहँड मिनी पीसीच्या जवळ जाते, आणि आत डिस्क बसत नाही ती नाहीच. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून दोनदा लाइट जाते. लिहिणं चालू असताना वीज गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं. माझ्या मित्राचं असं दोनदा झालं. एसएसडी हा धक्का जास्त चांगला सोसते.

२. डॅक: आकड्यांच्या नादी लागू नका

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी डबी. पीसीच्या हेडफोनच्या भोकातूनही आवाज येतो, पण आतल्या विजेच्या हालचाली त्यात झिरपतात. माउस हलवला की बारीक किर्र आवाज येतो, तो हाच. म्हणून डॅक बाहेरचा घ्यायचा.

खोक्यावर ३८४, ७६८ किलोहर्ट्झ असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात. ते बाजूला ठेवा. सीडीवरचं ध्वनिमुद्रण १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ असतं. म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, आणि त्यातून २२ किलोहर्ट्झपर्यंतचे स्वर पकडता येतात. माणसाचा कान २० च्या पुढे जात नाही, आणि वयाबरोबर तोही खाली येतो. बाबांच्या संग्रहातली निम्मी मुद्रणं मुळात टेपवरची आहेत. १९५० च्या दशकातल्या मैफलीला १९२ किलोहर्ट्झमध्ये बदलून तिच्यात नवीन काही येत नाही.

डॅक घेताना एवढंच विचारा: वेगळा ड्रायव्हर न टाकता लिनक्सवर (विंडोजऐवजी आपण वापरणार ती मोफत प्रणाली) चालतो का, आणि मागे आरसीएची लाल-पांढरी भोकं आहेत का. फिओ, टॉपिंग, आयफाय यांचे सुरुवातीच्या किमतीतले डॅक मिळतात. पैसे फारच कमी असतील तर ॲपलचं यूएसबी-सी ते साडेतीन मिलीमीटरचं छोटं डोंगल घ्या. दिसायला खेळण्यासारखं आहे, पण आवाज स्वच्छ देतं. आरसीएची तार त्याला जोडणारी केबल शंभर-दोनशे रुपयांत मिळते. महागड्या यूएसबी केबलवर एक रुपयाही घालू नका. प्रिंटरबरोबर आलेली धड केबल इथे तेच काम करते.

३. स्पीकर आणि खोली

घरात जुना ॲम्प्लिफायर किंवा म्युझिक सिस्टिम असेल आणि तिच्या मागे 'ऑक्स' लिहिलेली दोन भोकं असतील, तर नवीन ॲम्प्लिफायर घेऊ नका. नसेल तर आतच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर हा सोपा मार्ग. आपल्याकडे कोलकात्याची सोनोडाइन असे स्पीकर बनवते, परदेशी कंपन्यांचेही मिळतात. स्पीकर ऐकूनच घ्या. जाताना ओळखीच्या गळ्याची एखादी सीडी किंवा फाइल बरोबर न्या. दुकानात झगमगीत वाद्यसंगीत लावतात, त्यात काहीच कळत नाही. माणसाचा आवाज लावा, आणि तबल्यावर डग्गा घुमतो की नुसता ढबढब वाजतो ते ऐका.

मग घरी आणून ते शोकेसमध्ये ठेवू नका. आपल्या हॉलमध्ये टीव्हीच्या दोन्ही बाजूंना स्पीकरसाठी म्हणून कप्पे करून ठेवलेले असतात. त्या लाकडी पेटीत डग्ग्याचा प्रत्येक घुमारा फुगतो आणि गायकाचा खर्ज दबतो. माझे स्पीकर पहिले दोन महिने तिथेच होते, आणि मी दोष डॅकला देत होतो. एका दुपारी ते उचलून दोन स्टुलांवर ठेवले, मागच्या भिंतीपासून हातभर पुढे. बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. ते उठून बाहेर आले आणि विचारलं, "काय बदललंस?" एक पैसाही खर्च झाला नव्हता.

दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. वरचा छोटा स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येऊ द्या. फरशी आणि उघड्या भिंतींमुळे खोली वाजते. टाळी वाजवून पाहा, मागे झणझणीत शेपूट ऐकू आली तर समोर जाड सतरंजी अंथरा, पडदे ओढा. पुस्तकांचं भरलेलं कपाट याबाबतीत फार उपयोगी पडतं.

४. प्रणाली टाका

मी डॅफाइल नावाची लिनक्सवर बेतलेली मोफत प्रणाली वापरतो. ती साध्या इंटेल पीसीवर चालते, तिला मॉनिटर लागत नाही, सगळा कारभार ब्राउझरमधून होतो, आणि सीडी उतरवण्याची, म्हणजे तिच्यावरची गाणी फाइली करून डिस्कवर घेण्याची, सोय आतच आहे. तिच्या पोटात स्क्वीझबॉक्सचा सर्व्हर आहे. स्क्वीझबॉक्स हे एके काळचं नेटवर्कवरून गाणी वाजवणारं यंत्र. ते बनवणारी कंपनी लॉजिटेकने २००६ मध्ये घेतली आणि २०१२ मध्ये ही यंत्रं बंद केली. सर्व्हरचा प्रोग्राम मात्र खुला होता. लोकांनी तो आजवर जिवंत ठेवला आहे, आता लिरियन या नावाने.

डॅफाइलची फाइल उतरवून घ्या आणि लॅपटॉपवर रुफस किंवा एचर वापरून पेनड्राइव्हवर लिहा. मिनी पीसीला मॉनिटर, कीबोर्ड, लॅन केबल जोडा. सुरू होताना लेनोव्हो आणि डेलवर एफ १२, एचपीवर एफ ९ दाबत राहा आणि यादीतून पेनड्राइव्ह निवडा. तो सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. बायोसमध्ये गेलाच आहात तर आणखी एक करून घ्या: वीज गेल्यावर पुन्हा आली की मशीन आपोआप चालू व्हावं, हा पर्याय निवडा. त्याला 'आफ्टर पॉवर लॉस' किंवा 'एसी रिकव्हरी' असं काहीसं नाव असतं.

मशीन सुरू झाल्यावर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. त्यात त्याचा पत्ता मिळेल. तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये टाका. सेटिंगमध्ये आवाजाचं साधन म्हणून तुमचा यूएसबी डॅक निवडा, एखादी फाइल वाजवून खात्री करा आणि मगच प्रणाली पीसीत आधीपासून असलेल्या छोट्या डिस्कवर बसवा. बसवताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते. गाण्यांची एसएसडी आणि प्रणालीची छोटी डिस्क यांत गोंधळ होऊ नये म्हणून मी हे होईपर्यंत एसएसडी काढूनच ठेवली होती. तुम्हीही तसंच करा.

ज्यांना विंडोजच हवं आहे त्यांनी गाणी वाजवणारा फूबार२००० हा प्रोग्राम वापरावा आणि आउटपुटमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह निवडावं. नाहीतर विंडोज सगळे आवाज एकत्र करताना सीडीचे ४४.१ बहुधा ४८ मध्ये बदलून पुढे पाठवतं, आणि मध्येच मेसेजची टिंगटिंगही वाजते.

५. सीडी उतरवा

फाइलींसाठी फ्लॅक हा एकच प्रकार ठेवा. तो मोफत आणि खुला आहे, २००१ पासून वापरात आहे, आणि सीडीवरचा एकही आकडा त्यात हरवत नाही. झिप फाइल उलगडली की कागद जसाच्या तसा मिळतो, तसंच. ७० मिनिटांची सीडी मुळात ७४० एमबीच्या आसपास असते, फ्लॅकमध्ये ती साधारण निम्मी होते. १ टीबीत दोन हजार सीडी आरामात मावतात. एमपीथ्रीमध्ये जागा आणखी वाचते, पण त्या फाइलींच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. ती जपून काढली नाही, तर दोन ट्रॅकमध्ये तंबोरा तुटतो तो याच कारणाने.

उतरवण्यापूर्वी सीडी धुवा. मऊ सुती कापड, साधं पाणी, फार तर साबणाचा एक थेंब. पुसताना मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत जा, गोल फिरवू नका. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेनेच धावतो आणि जास्त नुकसान करतो. कोकणातल्या आणि आमच्यासारख्या ओल्या हवेतल्या घरांत सीडीवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. ते वरवरचे असतील तर धुवून जातात. चकतीच्या आत शिरले असतील तर त्या जागेचा आवाज गेला.

उतरवलेली प्रत बरोबर आहे का, हे ॲक्युरेटरिपशी ताडून कळतं. जगभरातल्या लोकांनी त्याच सीडीचे काढलेले आकडे त्यात जमा असतात. पण आपल्याकडच्या पुष्कळ सीडी त्यात नाहीत. अशी सीडी असेल तर ती दोनदा उतरवा आणि दोन्ही प्रती जुळतात का ते पाहा. विंडोजवर हे काम एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी चांगलं करतो. बाबांच्या एका सीडीत अकराव्या मिनिटाला, समेच्या जरा आधी, 'टक्' असा आवाज यायचा. तीनदा उतरवली, तिन्ही वेळा तोच. मग शेजारच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह आणून लावला आणि त्याच सीडीची स्वच्छ प्रत मिळाली. प्रत्येक ड्राइव्ह ओरखड्यांशी वेगळा वागतो. हटवादी सीडीसाठी दुसरा ड्राइव्ह नक्की करून बघा.

दुसऱ्यांकडून आलेल्या 'फ्लॅक' फाइलींपासून सावध राहा. एकांनी मला प्रेमाने पेनड्राइव्ह भरून दिला. आवाज मेणचट वाटला म्हणून स्पेक नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये फाइल उघडली. त्यात आवाजाचं रंगीत चित्र दिसतं. १६ किलोहर्ट्झच्या वर एकदम काळी पट्टी होती, कात्रीने कापल्यासारखी. म्हणजे कोणीतरी हलक्या दर्जाच्या, १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला फ्लॅकचा सदरा घातला होता. गेलेला भाग असा परत येत नाही.

कॅसेटचं काम वेगळं आहे, त्याला टेपडेक चांगला लागतो आणि वेळ कॅसेटच्या लांबीएवढाच जातो. आधी सीडी पुऱ्या करा.

६. नावं लावा. इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त वेळ याला द्या. इंटरनेटवरून आपोआप येणारी माहिती इंग्रजी गाण्यांसाठी ठीक असते. आपल्या संगीतासाठी ती येतच नाही, किंवा आली तर भलती येते. एकाच गायकाची माझ्याकडे पाच नावं झाली होती: रोमन लिपीत तीन, देवनागरीत दोन. फोनवर एका माणसाची पाच माणसं दिसत होती आणि प्रत्येकाकडे तीन-चार रेकॉर्ड. पूरिया धनाश्रीच्या तर रोमन स्पेलिंगांना अंतच नव्हता.

मी सगळं देवनागरीत केलं. फ्लॅकमधली माहिती युनिकोडमध्येच साठते, त्यामुळे अक्षरं बिघडत नाहीत. डॅफाइल गाण्यांचा फोल्डर घरच्या नेटवर्कवर दाखवतं. लॅपटॉपवर तो उघडून एमपीथ्रीटॅग किंवा किडथ्री या मोफत प्रोग्रामने नावं बदलता येतात. माझे नियम असे आहेत:

कलाकार: नुसतं नाव, आधी काही नाही. 'पं.' लिहिलं तर निम्मे गायक 'प' खाली जमतात, 'उस्ताद' लिहिलं तर बाकीचे 'उ' खाली. यादीत उपाधी न लिहिण्यात अनादर नाही, उलट माणूस लवकर सापडतो. आडनाव आधी लिहायचा इंग्रजी प्रघातही सोडून द्या. आपण किशोरी, कुमार, भीमसेन असंच शोधतो. त्याच क्रमाने ठेवा: किशोरी आमोणकर, कुमार गंधर्व, भीमसेन जोशी.

ट्रॅकचं नाव: बंदिशीचे पहिले शब्द, मग लय आणि ताल. नाट्यपदांना संगीतकाराचा वेगळा रकाना असतो, तो भरा.

प्रकार: इथे मी रागाचं नाव लिहितो. रागासाठी वेगळा रकाना करता येतो, पण तो प्रत्येक प्रोग्राम दाखवेलच असं नाही. प्रकाराचा रकाना मात्र सगळीकडे दिसतो. त्याचा फायदा असा की फोनवर 'प्रकार' उघडलं की रागांची यादीच समोर येते. संध्याकाळी मारवा दाबायचा आणि घरातले सगळे मारवे एकाखाली एक. आमच्याकडे एकूण किती मारवे आहेत हे बाबांनाही तोवर माहीत नव्हतं.

अल्बम-कलाकार: एकाच सीडीवर अनेक गायक असतील तर इथे सगळ्या ट्रॅकना 'विविध' असा एकच शब्द द्या. नाहीतर एका सीडीचे आठ तुकडे होतात.

टिप्पणी: तबला, हार्मोनियम, मैफलीचं ठिकाण आणि साल. हे सीडीच्या खोक्यातल्या कागदावर असतं. तो कागद मोबाइलने टिपून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. साथीदारांची नावं बऱ्याचदा तिथे आणि फक्त तिथेच असतात.

एक बारीक अडचण फक्त आपल्या लिपीत येते. 'वऱ्हाडी'मधला अर्धा र दोन वेगळ्या रीतींनी टाइप होतो, 'ॲ'सुद्धा दोन रीतींनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र वेगळे. शोधलं तर एक सापडतं, दुसरं नाही. म्हणून एकच कीबोर्ड वापरा आणि राग-कलाकारांची एक यादी तक्त्यात करून तिच्यातूनच शब्द उचलून चिकटवा. पूरिया की पुरिया, हे एकदा ठरवा आणि यादीत लिहून टाका.

बाबा नावं सांगायचे, मी टाइप करायचो. रोज पाच सीडी. दोन ठिकाणी खोक्यावर राग चुकीचा छापलेला होता, तो बाबांनी ऐकून दुरुस्त केला. घरात जाणतं माणूस असेल तर त्यांना या कामात नक्की बसवा.

७. घूं, किर्र आणि हिस्स

जोडणी झाल्यावर गाणं न लावता ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवून ऐका.

सलग 'घूं' ऐकू आली तर वेगवेगळ्या प्लगांमधून अर्थिंगचा फेरा तयार झाला आहे. पीसी, डॅक, ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. तरी राहिली तर टीव्हीची केबलवाल्यांची तार काढून बघा. टीव्ही त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला असेल तर बऱ्याच घरांत दोषी तीच निघते. तेही नसेल आणि डॅक व ॲम्प्लिफायर दोन्हीला ऑप्टिकल जोडणी असेल तर ती वापरा. तिच्यातून वीज जात नाही, फक्त प्रकाश जातो.

अर्थिंगची जाड पिन काढून किंवा कापून घूं घालवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. आवाज थांबतो, पण बिघाड झाल्यावर वीज जमिनीत जायचा रस्ताही बंद होतो. पीसीच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घराचं अर्थिंगच नीट नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, गाणं नंतर.

'किर्र' आवाज पीसीच्या कामाबरोबर बदलत असेल तर डॅक मागच्या दुसऱ्या यूएसबी भोकात लावून पाहा. बारीक 'हिस्स' ॲम्प्लिफायरचा स्वतःचा असतो. खुर्चीतून ऐकू येत नसेल तर सोडून द्या. आणि लाइट गेल्यावरच गुरगुर सुरू होत असेल, तर ती इन्व्हर्टरची आहे. स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर असं होतं, साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर होत नाही.

८. फोनवरून चालवा

अँड्रॉइडवर स्क्वीझर हे मोफत ॲप घ्या, किंवा ब्राउझरमधूनच चालवा. पहिल्यांदा वाजवताना ॲम्प्लिफायरचा आवाज शून्यावर ठेवून हळूहळू वाढवा. डॅक पूर्ण ताकदीने सुरू होतो, आणि आतच ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर एकदम किंचाळले तर त्यांची नाजूक कॉइल जाऊ शकते. मशीन दिवसभर चालू ठेवलं तरी चालतं. नुसतं बसून असताना असा पीसी दहा वॉटच्या आसपास वीज घेतो, म्हणजे महिन्याला सात-आठ युनिट.

बाबांना फोनवरची यादी बारीक दिसायची. त्यांच्यासाठी जुना टॅबलेट खुर्चीशेजारी ठेवला आणि अक्षरं मोठी केली. आता ते स्वतः लावतात.

९. दुसरी प्रत

हे आजच करा, सगळ्या सीडी संपेपर्यंत थांबू नका. एक टीबीची साधी यूएसबी हार्डडिस्क घ्या, पहिल्या पन्नास सीडी झाल्या की त्यांची प्रत काढा आणि मग दर महिन्याला त्यात भर घाला. एसएसडी बंद पडते तेव्हा आधी कळवत नाही, आणि सीडी पुन्हा उतरवता आल्या तरी लावलेली नावं पुन्हा लावावी लागतात. ही डिस्क त्याच कपाटात ठेवू नका. आमची साताऱ्याला बहिणीकडे असते. ती दिवाळीला येताना घेऊन येते, मी नवी भर घालून परत देतो, आणि जाताना ती तिच्या मुलीसाठी नाट्यपदं पेनड्राइव्हवर घेऊन जाते. मूळ सीडी मात्र विकू नका, कोणाला देऊनही टाकू नका. खोक्यांत घालून कोरड्या जागी, उभ्या ठेवा.